पुरा वेढा

छातीत जळजळ मला जवानीपासून. खुरपायला वाकलं की आंबट पाणी घशाशी. गोळ्या खाऊन कंटाळलो, तेव्हा पुण्याच्या डॉक्टरानं कागदावर जठर काढून दाखवलं. त्याचं वरचं टोक अन्ननळीभोवती गुंडाळायचं, की आंबट वर येत नाही.

"बाबा, पुरा वेढा दिला की जळजळ थांबते, पण घास अडकू शकतो, ढेकर येत नाही. अर्धा दिला तर गिळायला सोपं, मात्र जळजळ थोडी राहू शकते. तुम्हाला दोन्ही चालेल."

मी म्हणालो, "आमी बांध अर्धा घालत न्हाई. पुराच द्या."

बाहेर आल्यावर आमची मंडळी म्हणाली, "वावराचा बांध हाय व्हय त्यो?"

आप्रेशन झालं, जळजळ गेली. पण बाजरीची भाकरी दुधात भिजवल्याबिगर उतरेना. पोट फुगायचं, वारा वरून निघायचा नाही. सुरुवातीला असं होतं, मग सैल पडतं, असं डॉक्टर म्हणाला होता. माझं पडलं नाही.

त्यातच मुलीसाठी महाळुंगे पडवळचं स्थळ आलं. आम्ही घर बघायला गेलो. जेवायला मासवडी, रस्सा, भाकरी. आमच्यात थोरला उठला की पंगत उठते, मग कुणाचं पोट भरो न भरो. आणि पोरीचा बाप ताट टाकून उठला, तर घर नापसंत. थोरला मीच, बापही मीच.

तिसऱ्याच घासाला भाकरी छातीत बसली. वर येईना, खाली जाईना. तोंडात लाळ साचली. शेजारी मुलाचा बाप.

"पावणं, हात का थांबला? मासवडी जमली न्हाई का?"

तसं नाही, अशी मी मान हलवली. तो माझ्या छातीवरच्या हाताकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "पोटाचं आप्रेशन का? माजंबी झालंय. मी अर्ध्यावर भागवलं. कवा जळजळलं तर गोळी घेतो. पण ढेकर ऐका, राव!" आणि दिलाच त्यानं. पंगत हसली.

मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. राग पण नाही. छातीतला घास तेवढा कळत होता.

बाकीच्यांची जेवणं उरकली. उष्टे हात वाळत आले, रश्शावर तेल थिजलं. कुणी उठेना.

"दूध आणाया सांगू?" तो म्हणाला. "कुस्करून खावा."

"नको," मी म्हणालो. तेवढ्यात घास सरकला. मी पुढचा तुकडा मोडला, आणि ताट मोकळं होईस्तोवर सगळ्यांना बसवून ठेवलं.