दांडी माझी होती
कान्हे गावातल्या आमच्या घरी भात झोडताना वहिनीची दोन बोटं मळणी मशीनच्या ड्रममध्ये गेली. मी तेव्हा कारखान्यात फिटर होतो. त्या हंगामापासून मला एकच ध्यास लागला. मशीनच्या तोंडाशी आडवी दांडी हवी. तिला कोपर टेकला की पट्टा सुटावा आणि ड्रम जागच्या जागी थांबावा.

पहिला नमुना मोटारसायकलच्या ब्रेकवर केला. ड्रम थांबायचा, पण दांडीच वाकायची. पुढचे चार कामशेतला एका मित्राच्या वर्कशॉपमध्ये केले. वेल्डिंग त्याचं, डोकं माझं. पाचव्या वेळी हाताच्या जागी बांबूला कापड गुंडाळून आत सारला. कापडाला ओरखडासुद्धा आला नाही.

पुण्याच्या एका वकीलबाईंनी सांगितल्याप्रमाणे मी पेटंटसाठी प्राथमिक अर्ज करून ठेवला. संपूर्ण अर्जाला वर्षाची मुदत होती. मित्राला हे सांगायचं राहून गेलं. नशीब माझं.

चार महिन्यांनी लोणावळ्यातल्या एका प्रदर्शनात मला माझी मशीन दिसली. शेजारी मित्र उभा, वर पाटी, 'आमचे संशोधन. पेटंट अर्ज दाखल.'

"ही दांडी माझी आहे," मी म्हणालो.

गिऱ्हाइकांसमोर तो हसला. "दांडी काय तुज्या एकट्याच्याच डोक्यात येती व्हय? सर बाजूला."

मी सरलो. भांडलो नाही. मुदतीत संपूर्ण अर्ज पाठवला आणि गप्प बसलो; त्याचा अर्ज जाहीर झाल्याशिवाय हरकत घेता येत नव्हती. ती पाटी आता त्याने वर्कशॉपवर लावली होती. तिच्याखालून जाताना मी त्याला हात करायचो. त्याचा अर्ज जाहीर होईपर्यंत दीड वर्ष मी रोज मनातल्या मनात त्याला त्या ड्रममध्ये घालत होतो.

अर्ज जाहीर झाला. त्यातली आकृती बघून मी मोठ्याने हसलो. दांडीच्या पट्टीत एक भोक होतं. ते माझ्या हातून चुकून पडलेलं, बिनकामाचं. माझ्या प्राथमिक अर्जातही ते तसंच राहिलं होतं. पठ्ठ्याने माझी चूकसुद्धा उतरवून घेतली होती.

माझा आधीचा अर्ज दाखवून मी पेटंट कार्यालयात हरकत घेतली. सुनावणी व्हिडिओवर झाली. अधिकाऱ्यांनी त्याला विचारलं, "हे भोक कशासाठी?"

"हवा खेळायला, साहेब."

त्याचा अर्ज फेटाळला गेला. पुढे माझं पेटंट मंजूर झालं, तेव्हा तो घरी आला. "भाऊ, चुकलं. पाटी काढतो. कोर्टात नको जाऊस."

"पाटी मी काढतो. तू शिडी धर."

बाजाराच्या दिवशी, भर दुपारी मी वर चढलो. नट दोन हिसक्यांत निघाले असते, मी अर्धा तास लावला. खाली माणसं जमली. कुणीतरी विचारलं, "काय झालं?"

"त्यालाच विचारा."

"दांडी ह्यांची हाय," तो शिडी धरून पुटपुटला.

"मोठ्यानं."

"दांडी ह्यांची हाय!"

घरी हे सांगितलं तेव्हा वहिनी म्हणाली, "मानसाला एवढं करू न्हाई."

मला बरं वाटत होतं. अजूनही वाटतं.