एन्नोरच्या खोलीचा तक्ता

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे असतील, तर आमच्या तालुक्याच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. इंजिनिअरिंगचा फॉर्म बाईंनी शेजारी बसून माझ्याकडून भरून घेतला. आणि त्याच बाईंनी नववीत माझ्या प्रयोगवहीच्या पानावर लाल शाईची उभी रेघ मारली होती. लंबकाला हात न लावता आम्ही गाईडमधली निरीक्षणं उतरवायचो. "तुझा लंबक हलला तरी का रे?" बाई म्हणाल्या. "दिसलं तेवढंच लिही. दिसायला हवं होतं ते गाईडवाल्यानं लिहिलंय."

चेन्नईत मला नोकरी लागली ती व्हिडिओ कॉन्फरन्सची यंत्रं बसवणाऱ्या कंपनीत, शोळिंगनल्लूरला. पहिलं स्वतंत्र काम एका कारखान्याचं होतं. मुख्य कचेरी अड्यारला, कारखाना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एन्नोरला, दोन्हीकडे एकेक खोली. रोज सकाळी दहाला त्या खोल्यांनी एकमेकींशी बोलायचं, एवढंच.

तेवढंच होत नव्हतं. एन्नोरहून कॉल लावला की यंत्र बराच वेळ नुसतं गोल फिरवत बसायचं. लागलाच, तर माणसं तोंडं उघडी ठेवून थिजायची आणि आवाज तुटायचा. मी अड्यारच्या खोलीत बसून सेटिंग बदलत होतो. जाळ्यातून जाणाऱ्या आवाजाच्या आणि चित्राच्या प्रत्येक तुकड्यावर, म्हणजे पॅकेटवर, एक आकडा टाकायचा असतो, म्हणजे गर्दीत त्याला आधी वाट मिळते. आकडे बरोबर होते. यंत्र बंद-चालू केलं, सॉफ्टवेअर नवं घातलं, आकडे पुसून पुन्हा टाकले. दुसऱ्या दिवशी दहाला तेच. यंत्रावर डोकं आपटावंसं वाटायचं.

अड्यारच्या कचेरीतून हे काम बघणाऱ्या मॅडम तंजावरकडच्या मराठी घरातल्या. त्यांचं मराठी जुन्या वळणाचं, त्यात तमिळ मिसळलेलं. "अय्यो, आजही आमचे साहेब फोटो होऊन बसले की! तुमच्या यंत्राला हार घालू काय?" मी हसायचा प्रयत्न केला. मग त्या गंभीर झाल्या. "तुम्ही दिलेला तपासणीचा तक्ता बघितला. दोन्हीकडे सगळं तपासलेलं आहे. म्हणजे एन्नोरच्या केबलमध्येच दोष. केबल सांभाळणाऱ्या त्या कंत्राटी माणसाला शुक्रवारनंतर येऊ नको म्हणून सांगते."

मी सेटिंगचं पान पुन्हा उघडलं. माझी नोकरी कायम व्हायची होती, आणि त्या तक्त्यावर सही माझी होती.

बुधवारी बस, मग लोकल असं करत एन्नोरला पोचलो. केबल सांभाळणारे अण्णा पन्नाशीचे होते. त्यांनी केबलचं एकेक टोक माझ्यासमोर मीटर लावून तपासून दाखवलं. दोष कुठेच नव्हता. मग खिशातून मॅडमनी पाठवलेली माझ्या तक्त्याची झेरॉक्स काढली.

"तंबी, यात लिहिलंय की एन्नोरची खोली तुम्ही येऊन तपासली," धाकट्या भावाला हाक मारावी तसं ते तमिळमध्ये सावकाश, मला कळेल असं बोलले. "वॉचमनला विचारलं, त्याला आठवेना, मलाही आठवेना. भुतासारखे आला होता का?"

मी आलोच नव्हतो. अड्यारची खोली तपासून झाल्यावर तिचाच रकाना मी एन्नोरच्या रकान्यात उतरवला होता. यंत्रं सारखी, मग निकालही सारखाच असणार, असं धरून.

दुपारपर्यंत दोन दोष सापडले. कॉल लावताना समोरच्या खोलीचं नाव दिलं की त्या नावामागचा पत्ता यंत्राने एका सर्व्हरला विचारायचा असतो. अड्यारच्या सर्व्हरचा क्रमांक मी एन्नोरच्या यंत्रातही दुरूनच भरला होता, आणि एन्नोरहून तो सर्व्हर लागतच नव्हता. यंत्र त्याची वाट बघून थकायचं, मग दुसऱ्याला विचारायचं. आणि एन्नोरचा स्विच, म्हणजे सगळ्या केबली जिथे जोडतात ती पेटी, जिचा पासवर्ड फक्त आमच्याकडे होता, पॅकेटवरचे आकडे पुसून टाकत होती. ते मानायचे अशी खूण तिथे करायची राहिली होती. दहाला कारखान्याच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग मुख्य कचेरीकडे जायला लागायचं, आणि आमची पॅकेटं त्या गर्दीत चेंगरायची.

दुरुस्तीला वीस मिनिटं लागली. गुरुवारी दहाला साहेब नीट हलले, बोलले. मॅडम खूश होत्या. त्यांना वाटलं, अण्णांनी घाबरून केबल बदलली. मी तक्ता पुढे ठेवून काय केलं होतं ते सांगितलं.

"हे सांगायलाच हवं होतं काय तुम्हाला?" त्या म्हणाल्या. मग तक्ता मिटत म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. त्याला राहू दे. पण तुमच्या कंपनीला मी लिहिणार."

त्यांनी लिहिलं. पंधरा दिवसांनी एका रविवारी मीही लिहिलं:

"आदरणीय बाई, सा. नमस्कार.

तुम्ही पेढ्यांची वाट बघत असाल. माझं कायम होणं सहा महिने पुढे गेलं आहे, आणि त्याचं कारण घरी अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो. मी पुन्हा लंबकाला हात न लावता निरीक्षणं लिहिली. या वेळी पान माझं होतं आणि रेघ दुसऱ्याच्या पोटावर बसणार होती. ती टळली. त्याच माणसाने, केबल सांभाळणाऱ्या अण्णांनी, मला चहा पाजला.

तक्ता नव्याने केला आहे. एन्नोरला दोनदा जाऊन आलो. एक रकाना अजून रिकामा आहे, कारण तेवढं तपासायचं राहिलं आहे. आमच्या कंपनीतले साहेब रोज विचारतात, मी रिकामाच ठेवला आहे.

आपला विद्यार्थी"