कुंकू लावलेले शेअर

जळगावच्या एका जिनिंग प्रेसमध्ये तोताराम नाना कापूस तोलायचे आणि मी शेजारच्या टेबलावर पावत्या लिहायचो. नानांइतका सरळ माणूस मी पाहिला नाही, आणि इतका जळकाही. जळायचे मात्र एकाच माणसावर, धुळ्याच्या साडूवर.

पोटाला चिमटा घेऊन नानांनी पंधरा वर्षांत मुंबईच्या एका कापड गिरणीचे अठरा शेअर जमवले होते. एकही कधी विकला नाही. दर लक्ष्मीपूजनाला पत्र्याच्या पेटीतून ते कागद निघत, त्यांच्या पत्नी यशोदाबाई तुपात कालवलेल्या कुंकवानं प्रत्येकावर स्वस्तिक काढत आणि पेटी पुन्हा बंद होई. "शेअर काय इकासाठे लेतस का?" असं नाना आम्हाला छाती काढून विचारायचे.

साडू रुपचंदचं उलटं. तो सोमवारी घेतलेला शेअर गुरुवारी सोडून मोकळा. त्याच्याकडे मनगटी घड्याळ आलं, मग रेडिओ आला, मग बायकोच्या, सुंदरबाईच्या, हातात पाटल्या आल्या. बहिणीकडून परत आल्या की यशोदाबाई हे सगळं साधेपणानं सांगत, आणि नानांचा घास हातातच राही. रुपचंद शुद्ध बोलायचा, त्याचासुद्धा नानांना राग होता.

सत्तावन्न साली, नवा पैसा आला तेव्हा, नव्या करांच्या बातम्यांनी बाजार आज वर, उद्या खाली असा चालला होता. नानांनी ठरवलं, आपणही शिकायचं. आता बघा, ज्याच्यावर जळायचं त्याच्याकडेच शिकायला जायचं! दर रविवारी एस.टी.नं धुळे. रुपचंदनं हातचं काही राखलं नाही. "नाना, कागदात जीव गुंतवू नका. किती चढला की सोडायचा, किती पडला की पळायचं, हे घेतानाच ठरवा," एवढं तो दर वेळी सांगे. नाना दोन महिने वहीतच खोटे सौदे करत राहिले आणि वहीत सारखे जिंकत राहिले. मग त्यांना दम निघेना.

एके दिवशी त्यांच्या गिरणीचा भाव एकदम चढला. दहा शेअर विकायचे, चार दिवसांत भाव उतरला की परत घ्यायचे आणि उरलेल्या पैशांत पाटल्या करायच्या, असा बेत ठरला. रुपचंदला कळू द्यायचं नव्हतं. दलालाला तार मीच लिहून दिली. सौदा झाला, कागद रजिस्टरनं मुंबईला गेले.

सहाव्या दिवशी कागद परत. सोबत दलालाची चिठ्ठी होती: तुपाचे डाग आणि कुंकू यांमुळे नाव व नंबर वाचता येत नाहीत, घेणारा नाकारतो. शनिवारपर्यंत स्वच्छ कागद पाठवा, नाहीतर बाजारातून घेऊन देऊ, फरक तुमच्यावर. आणि भाव तर रोज चढत होता. मला हसू आलं होतं, पण नानांचं तोंड बघून गिळलं. कधी विकायचंच नाही म्हटल्यावर त्या बिचाऱ्यानं कुंकवाखाली काय छापलंय ते कशाला बघावं?

यशोदाबाईंनी गुपचूप बहिणीला निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं रुपचंद थेट प्रेसमध्येच आला. त्यानं पिशवीतून एक पुडकं काढलं. त्याच गिरणीचे शेअर, कोरे करकरीत. "यातले दहा पाठवा नाना. डागांचे कागद बदलून गिरणीकडून तुमचे नवे निघाले की मला द्या."

नानांनी मोजले. पंचवीस होते.

"कधी लिन्हात?"

"दहा वर्षं झाली. तुमचं बघूनच घेत गेलो."

"एकबी इकना नही?"

"नाही नाना. रोजचा खेळ वेगळा, हे वेगळं."

नानांनी त्याचे हात धरून आभार मानले, घरी नेऊन जेवू घातलं, स्टँडवर पोचवलं. शनिवारच्या आत कागद मुंबईला पोचले आणि नुकसान टळलं. "वाचलात नाना," मी म्हणालो. ते काट्याला टेकून धुळ्याच्या रस्त्याकडे बघत होते.

"पैसा जाता, ते चालतं रे," ते म्हणाले. "हाई न इकानी एक गोट तरी मन्ही एकलानी व्हती. तीबी त्याना घरमा निंघनी."