ओलं खोगीर

अकोल्याच्या डॉक्टरांनी आईला तपासलं, गोळ्या लिहून दिल्या आणि आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं, की घरातल्या जुन्या वस्तू काढा, त्यांच्या हातात द्या, त्यावर त्यांना बोलतं करा. इतरांकडे अशा वेळी फोटोंचे अल्बम निघतात. आमच्याकडे माळ्यावरून घोड्याचं खोगीर निघालं.

आमच्या घराण्यात कोणी घोडा बाळगल्याचं ऐकिवात नाही. खोगीर आईचं. नोकरीच्या सुरुवातीला ती धारणीच्या पलीकडे एका आरोग्य उपकेंद्रात नर्स होती. रस्ता नव्हता, जीप आली तर यायची, म्हणून गावच्या पाटलाने तिला एक तट्टू वापरायला दिलं आणि तिने अकोल्याहून कोणाचं तरी वापरलेलं खोगीर विकत नेलं. त्यावर बसून ती लशींचा डबा घेऊन गावोगाव हिंडायची. एका पावसाळ्यात बाबा तिथल्याच एका शाळेत मास्तर म्हणून आले. पुढे लग्न झालं, दोघांची बदली नांदगाव खंडेश्वरला झाली आणि खोगीर पोत्यात गेलं. अमरावतीच्या या घरापर्यंत ते पोतं आमच्यासोबत आलं, पण कोणी सोडून पाहिलं नाही.

आई आता तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते, गॅस चालू ठेवून शेजारी जाते आणि कधी कधी मला मावशी समजून माझ्याच तक्रारी मला सांगते. तक्रारी रास्त असतात. बाबांशी तिचं भांडण मात्र शाबूत आहे. त्यांचा कायमचा विषय मीठ. बाबांना बीपी आहे, त्यामुळे त्यांच्या मते मीठ नेहमी जास्त असतं, आणि आईच्या मते नेहमी बरोबर. माझ्या लहानपणापासून हा वाद सुरू आहे आणि निकाल लागलेला नाही.

पोतं सोडलं तेव्हा खोगीर बुरशी आणि धुळीने असं माखलेलं होतं की रंग ओळखू येईना. आईने त्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, रंग देऊ, कत्थई, होता तसाच. बाबा पेपरातून मान वर न करता म्हणाले, काळा होता.

चामड्याच्या सामानाच्या दुकानदाराने मला आधीच बजावलं होतं, की तपकिरीवर काळा चढतो, काळ्यावर तपकिरी चढत नाही, तेव्हा काय ते आधी ठरवा. आईच्या कत्थईला तो तपकिरी म्हणत होता. मी दोन्ही बाटल्या आणल्या. मला रंगाशी काही देणंघेणं नव्हतं. पण डॉक्टर म्हणाले होते की जुनं सगळ्यात शेवटी जातं. बाबांची आठवण पक्की आहे. खोगीर काळं निघालं, तर आईचं जुनंही जायला लागलं असा त्याचा अर्थ होता, आणि मला त्याची भीती वाटत होती.

हिवाळा असल्याने अंगणातला कूलरचा लोखंडी स्टँड रिकामा होता. त्यावर खोगीर चढवलं. स्टँडला ते चांगलंच शोभलं. मी साबण लावून ओल्या फडक्याने बुरशी पुसली, तर खालून निघालं काळंभोर चामडं. बाबांनी पेपराची घडी घातली आणि विजयी मुद्रेने चहा मागितला. मी चहा ठेवायला आत गेले.

चहा होईपर्यंत ऊन चढलं होतं. मी कप घेऊन बाहेर आले तर खोगिराच्या कडा तपकिरी झाल्या होत्या, आणि चहा संपेपर्यंत ते सगळं तपकिरी झालं. आई म्हणाली, पाहा. बाबा उठले, त्यांनी तांब्याभर पाणी आणून खोगिरावर ओतलं आणि म्हणाले, पाहा. ते पुन्हा काळं झालं. मग वाळलं. बाबा पुन्हा पाणी आणायला निघाले, तेव्हा मी तांब्या काढून घेतला आणि त्यांना विचारलं, तुम्ही हे खोगीर पाहिलं तरी कधी?

बाबांनी जरा आठवून सांगितलं. आई शाळेत मुलांना लस टोचायला आली तेव्हा. नाल्याला पाणी होतं, तट्टू पोटापर्यंत बुडालं होतं, आणि ती चिंब भिजून आली होती. त्यानंतरही पावसाळाभर ती तशीच आली, आणि पाऊस सरल्यावर जीपने यायला लागली. म्हणजे बाबांनी ते कोरडं कधी पाहिलंच नव्हतं.

"तुमी पडवीत उभे होते," आई म्हणाली. "पायात एकच चप्पल होती."

"दुसरी नाल्यात वाहून गेली होती," बाबा म्हणाले. त्यांनी हे आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं.

मला इतका आनंद झाला की मी हातमोजे न घालताच तपकिरी बाटली उघडली. जुन्या बनियनच्या बोळ्याने पहिला हात दिला, वाळल्यावर दुसरा. आई बाजूला खुर्ची टाकून कुठे कोरं राहिलं ते दाखवत होती. खोगीर बरं झालं. माझी बोटं आणि अंगणातल्या दोन फरशा त्याहून छान रंगल्या.

संध्याकाळी आई आत गेल्यावर मी बाबांना म्हटलं, ते वाळून तपकिरी झालेलं तुम्हाला दिसत होतं, तरी तुम्ही का भांडत होता?

"तुही आई भांडून राह्यली तोवर ते इथंच आहे," बाबा म्हणाले. "मंग मी काहून थांबू?"

रात्री आईने वरणभात वाढला. पहिला घास घेतला आणि मला कळलं, मीठ दोनदा पडलं होतं. वरण तोंडात धरवत नव्हतं. आई ताटाकडे नाही, आमच्या तोंडाकडे बघत होती. तिला शंका आली होती, आणि विचारायची हिंमत होत नव्हती. मी पाण्याचा पेला उचलला तोच बाबा घास गिळून नेहमीच्या कुरकुऱ्या आवाजात म्हणाले, "आज मीठ कमी आहे वरणाले."

आई तडकली. मीठ अगदी बरोबर आहे, तुमच्याच जिभेले चव राह्यली नाही, असं म्हणून तिने बाबांना मास्तरकीपासूनचं सगळं ऐकवायला सुरुवात केली. बाबांनी हार मानली नाही. त्यांनी ताट पुढे केलं आणि आणखी वरण मागितलं.