वळणावरची जागा

वायरलेसताई हे काही तिचं खरं नाव नव्हतं, पण आता घरचेही तिला तशीच हाक मारत. उमेदीची वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढउतार करण्यात गेली. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा तिनं आपत्ती पथकात वायरलेस सेट सांभाळायचं काम धरलं. या सेटांना टॉवर लागत नाही. प्रत्येक सेट जवळचा दुसरा सेट शोधतो आणि निरोप पुढं ढकलतो. माणसं हिंडत राहिली तरी सेट आपापसात नवी वाट काढतात. "फक्त मध्ये कुणीतरी हवं," ताई नव्यांना बजावायची. "नाहीतर हातात नुसता डबा!"

डोंगर खचला तेव्हा रस्ता गेला, टॉवरही आडवा झाला. वरच्या वस्तीत तिची भाची नुकतीच बाळंत झाली होती आणि रक्त थांबत नव्हतं. जवळ पथकातली नर्स एकटीच. पायथ्याच्या शाळेतून डॉक्टरबाई ताईच्या हातातल्या सेटवरून तिला एकेक गोष्ट सांगत होत्या. बाकीची माणसं ढिगाऱ्यांवर पांगलेली. त्या अरुंद दरीत निरोप वर जायला एकच आधार होता, वळणावर उभ्या असलेल्या, पथकातल्याच सुताराचा सेट.

"मुठीनं दाबून धर. सोडू नकोस. आता दुसरा हात..."

संपर्क तुटला. सेटच्या पडद्यावरून सुताराचं नाव गेलं होतं.

"काय झालं गं?" भाचीची आई, ताईची थोरली बहीण, शेजारीच उभी होती.

"सुतार जागेवरून हलला."

"मग बोलाव की त्याला!"

बोलावणार कशानं? ताईनं आपला सेट डॉक्टरबाईंच्या हातात दिला, दुसरा कमरेला अडकवला आणि निघाली. तिला पळायचं होतं, पण चिखल पाय सोडत नव्हता.

वळणावर पोचताच सेट खरखरला. "दुसरा हात पोटावर. ऐकतेस ना?" डॉक्टरबाई अजून सांगतच होत्या.

वरून नर्स म्हणाली, "आता नको, बाई. गेली ती."

ते शब्द ताईच्याच सेटमधून खाली गेले. सेट बंद करावा असं तिला वाटलं. पण वर बाळ होतं.

तेवढ्यात ओढ्यातून सुतार वर आला. पाठीवर एक म्हातारी, अंगभर चिखल. "घराखाली अडकली होती. हाका ऐकवेनात हो, ताई," तो धापा टाकत म्हणाला. "मध्ये कुणाचा निरोप नाही ना अडला?"

ताईला त्याच्यावर रागावताही येईना. "हिला आधी खाली ने," ती एवढंच म्हणाली.

तो गेल्यावर सेटवर बहिणीचा आवाज आला. "कुठं आहेस गं तू? ये ना इकडं."

"येते, अक्का."

पण तिथून हललं की वरची नर्स पुन्हा एकटी पडणार होती. बदलीचा माणूस संध्याकाळी आला. तोवर ताई तिथंच उभी होती, आणि बहिणीचं रडणं तिच्या कमरेवरून वर वस्तीपर्यंत जात होतं.