भात्यावर आतू

"आपल्या घरात रिकामं असं एकच माणूस आहे," वहिनी स्वयंपाकघरात दादाला हळू आवाजात सांगत होती.

ते माणूस त्या वेळी फ्रिजच्या दाराआड उभं राहून पाणी पीत होतं. (आमच्या वहिनीचा हळू आवाज केडगावच्या बसस्टॉपपर्यंत जातो.) आता बाहेर आले तर मी ऐकलं हे त्यांना कळणार, मग कुणाला तरी काहीतरी बोलावं लागणार, आणि ते कुणीतरी बहुतेक मीच असणार. म्हणून मी बाटली तशीच तोंडाला लावून ठेवली. अख्खी बाटली संपली, तरी त्यांचं बोलणं संपेना.

खरं तर मी रिकामी नाही. मी घरून काम करते, इंग्रजी पुस्तकांची प्रुफं तपासते. पण ज्या कामाला घाम येत नाही, आवाज होत नाही आणि डबा न्यावा लागत नाही, त्याला आमच्याकडे काम म्हणत नाहीत. हे मी त्यांना पटवून देऊ शकले असते. पण त्यासाठी बोलावं लागलं असतं. भाजीवाल्याने मेथीऐवजी शेपू दिला तर मी घरी येऊन निमूटपणे शेपू करते, अशातली मी!

तर प्रश्न भात्याचा होता.

माझी भाची सानू, म्हणजे दादाची लेक, पेटी शिकते. पेटी पप्पांची. पप्पा नागापूरच्या एमआयडीसीत लेथवर होते. आठवडाभर लोखंड कापायचे आणि सुट्टी आली की गायन पार्टीबरोबर गावोगाव पेटी वाजवत फिरायचे. मग डीजे आला, पार्टी बसली आणि पेटी कपाटावर जाऊन बसली. पप्पा रिटायर झाल्यावर ती खाली उतरली, ती थेट सानूच्या पुढ्यात. पप्पांनी पार्टीच्या दिवसांत वंदनेला स्वतः एक चाल लावली होती. ती कुठे लिहिलेली नाही, कुणी रेकॉर्ड केलेली नाही. इतकी वर्षं ती फक्त पप्पांच्या बोटांत होती, आणि आता रोज थोडी थोडी सानूच्या बोटांत उतरत होती. बुद्धपौर्णिमेला विहारात सानूने ती वाजवायची, असं ठरलं. पप्पांनी ही बातमी गल्लीत सगळ्यांना सांगितली. ज्यांना सांगितली होती त्यांनाही पुन्हा सांगितली.

आणि सानू कंपाउंडच्या भिंतीवरून पडली.

"अगं, पडलीस कशी?" वहिनी ओरडली.

"मी पडले नाही. भिंत संपली," सानू म्हणाली.

डाव्या मनगटाला प्लॅस्टर. आता पेटी वाजते उजव्या हाताने, पण डाव्या हाताने मागचा भाता हलवून आत हवा भरली नाही, तर पेटी म्हणजे नुसतं लाकूड. आणि प्लॅस्टर निघायच्या आधीच पौर्णिमा येत होती.

"त्यात काय! मी हाय की. मी हलवतो भाता," पप्पा म्हणाले. (ते मूळचे सोनईचे. भावना दाटून आल्या की सोनईचंच बोलतात.)

"तुम्ही आधी पोटाचे टाके सांभाळा!" मम्मी म्हणाली. पप्पांचं हर्नियाचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. डॉक्टरांनी जोर लावायला मनाई केली होती, आणि पप्पांना बिनजोराची कामं माहीतच नाहीत.

"मग तुम्ही सगळे आळीपाळीने हलवा," सानूने निकाल दिला. अशा रीतीने आमच्या घरात भात्याची पाळी सुरू झाली.

पहिली पाळी वहिनीची. ती पतसंस्थेत कॅशिअर आहे. सकाळी तिच्या एका हातात उलथनं असतं आणि नजर घड्याळावर. तव्यावरची पोळी फुगायच्या आत ती भात्याला असे काही झटके द्यायची की सानूची बोटं पळून पळून दमायची.

"पूनम, वंदना हाय ती! एसटी पकडायची न्हाई!" पप्पा खुर्चीतून कळवळायचे.

दादाचं वेगळंच. तो भात्याला बसला की कंपनीतून त्याच्या साहेबांचा फोन यायचा. कानाखांद्यात मोबाईल, हातात भाता. "हो साहेब!" म्हटलं की पेटी खणखणीत वाजायची. "नाही साहेब..." म्हटलं की सूर खाली मान घालायचा. दादाला ओव्हरटाइम लागला की नाही, हे आम्हाला पेटीवरून कळायचं! मम्मी मालिका बघता बघता भाता हलवायची. मालिकेतल्या सुनेच्या दुधात कुणीतरी पुडी टाकली, की इकडे आमच्या वंदनेचा श्वास अडकलाच.

"आजी, भाता!"

"थांब गं! ती दूध पितीये का बघू दे!"

शेवटी दुपारी राहायची मी. एक हात लॅपटॉपवर, दुसरा भात्यावर. मी काही बोलत नव्हते आणि मला कुणी काही बोलत नव्हतं. एकदा मान वर करून पाहिलं, तर पप्पा डोळे मिटून बसलेले. मला वाटलं, झोपले. पण त्यांची बोटं गुडघ्यावर चालत होती, चालीबरोबर.

चाल संपल्यावर सानू म्हणाली, "आतू, कार्यक्रमात तूच."

"मी?"

"बाकीचे सगळे भात्यातून स्वतःलाच वाजवतात. तू हलवतेस ना, तेव्हा तू तिथं नसतेसच."

(माझ्याविषयी इतकं चांगलं वाक्य मी फ्रिजआड उभी राहूनसुद्धा कधी ऐकलं नव्हतं.)

"पण स्टेजवर, सानू? सगळ्यांसमोर?"

"अगं, तू माझ्यासमोर बसणार, भात्याच्या बाजूला. लोकांना तुझी पाठच दिसेल फक्त."

मी लगेच हो म्हटलं. माझ्या अंगात धीट असा एकच भाग आहे, तो म्हणजे पाठ.

पौर्णिमेच्या संध्याकाळी विहार गच्च भरला होता. पांढऱ्या साड्यांच्या रांगा, दाराशी खिरीचं पातेलं, पातेल्याशी डाव घेऊन मम्मी. दादाची सेकंड शिफ्ट होती, म्हणून वहिनीने त्याला व्हिडिओ कॉलवर घेतलं होतं. पप्पा पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, एक हात पोटाच्या टाक्यांवर ठेवून. साउंडचं काम शकीलभाईंकडे होतं. त्यांनी नवीन माईक आणले होते आणि येईल त्याला ते हात न लावता बघायला सांगत होते.

सूत्रसंचालन बंटीदादाकडे. तो आमच्या शेजारच्या गल्लीत राहतो, मला लहानपणापासून बघतो.

"आता हार्मोनियमवर आपली सानू! आणि भात्यावर..." तो माझ्याकडे वाकला. "तुमचं नाव काय हो, ताई?"

मी नाव सांगितलं. त्याला ऐकू आलं नाही. पुन्हा सांगितलं. पुन्हा नाही. त्याने सानूकडे पाहिलं.

"आतू," सानू म्हणाली.

"आणि भात्यावर आतू!" बंटीदादाने जाहीर केलं. टाळ्या पडल्या. मी पाठ करून बसले आणि सुटकेचा निःश्वास सोडला. तेवढ्यात मागून गंगूमावशींचा आवाज आला, "अगं ए बाई! लेकरू कुठंय? आमाला नुसती पाठच दिसती की!"

"व्हय की! सरक जरा!"

"आमी काय पाठ बघाया आलो व्हय?"

बंटीदादा तत्पर माणूस. त्याने मला उठवलं, सानूच्या शेजारी बसवलं आणि माझा हात पेटीला वळसा घालून भात्यावर नेऊन ठेवला. आता अख्खं केडगाव माझ्यासमोर होतं आणि अख्ख्या केडगावासमोर मी.

"आतू, माझ्या बोटांकडे बघ," सानू पुटपुटली.

मी बघितलं. तिने सुरुवात केली. पहिली ओळ सुरेख गेली, दुसरीही. पप्पांनी डोळे मिटले. त्यांची बोटं गुडघ्यावर चालू लागली, आणि मला वाटलं, जमतंय. जमतंय की!

नेमका तेव्हा बंटीदादाला उत्साह आला. दुसरा माईक तोंडाशी धरून, कार्यक्रमात अडथळा नको अशा बेताने तो हळूच म्हणाला, "यानंतर आतू आपल्याला दोन शब्द सांगतील. त्या इंग्लिश मीडियमच्या आहेत!"

माझा हात थांबला.

मी थांबवला नाही, तो आपला थांबला. सानूची बोटं पट्ट्यांवर पळत होती, पण पेटीतून हूं नाही की चूं नाही. मी माझ्याच हाताकडे बघत होते, जणू तो शेजाऱ्यांचा आहे.

"माईक गेला!" कुणीतरी ओरडलं.

"शकीलभाई, आवाज!"

वहिनीच्या मोबाईलमधून दादा ओरडला, "पूनम, तू म्यूटवर आहेस का?"

"मी नाही! इथलं सगळंच म्यूट झालंय!"

शकीलभाईंनी वायर हलवली. पिन काढून फुंकली, परत घातली. दुसऱ्या माईकवर "हॅलो, हॅलो, चेक" केलं, तो ठणठणीत. मग त्यांनी पेटीसमोरच्या माईकचं बटण फिरवायला सुरुवात केली, ते शेवटपर्यंत फिरवलं.

"नवीन म्हणाला होतात ना?" कमिटीतले एक जण म्हणाले.

"कालच आणलाय भाऊ! कसम से!" शकीलभाईंचा चेहरा उतरला होता.

"आतू," सानू अगदी हळू म्हणाली. "भाता."

मी दचकले आणि जन्मात लावला नव्हता एवढा जोर लावून भाता ओढला.

माईक पूर्ण उघडा. सानूची पाचही बोटं पट्ट्यांवर. सोनईच्या साखर कारखान्याचा भोंगा ज्याने ऐकला असेल, त्याला थोडी कल्पना येईल! मम्मीच्या हातातला डाव खिरीत बुडाला. दोन तान्ही बाळं एकदम रडायला लागली. पप्पा पोट धरून अर्धे उभे राहिले, "आरं, पेटी हाय का भोंगा!" मोबाईलमधून दादा म्हणाला, "आमच्याकडे सगळ्यांना वाटलं, शिफ्ट सुटली!"

"बंद करा, बंद करा!" एकच गलका झाला. शकीलभाईंनी आवाज खाली आणला, पेटीसमोरचा माईक उचलला आणि त्याची वायर गुंडाळायला लागले. आपला माल आपल्याला दगा देऊन गेला, असं तोंड करून.

बंटीदादा म्हणाला, "तांत्रिक कारणामुळे पेटीचा कार्यक्रम आपण इथंच थांबवतोय. सर्वांनी खीर घेऊन जावी!"

लोक उठायला लागले. सानूने पट्ट्यांवरून हात काढला आणि प्लॅस्टरवर ठेवला. ती रडली नाही. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि तेच वाईट होतं. पप्पा खाली बसले. त्यांची बोटं गुडघ्यावर होती, पण आता नुसतीच ठेवलेली.

पुढचं आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही काळजी करत बसाल. सानूने ती चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली. एकदा अडखळली, पण पुढे गेली. दादाच्या कंपनीत चार हेल्मेटं एका मोबाईलवर वाकून ती ऐकत होती. शकीलभाईंना मम्मीने दोनदा खीर वाढली. आणि पप्पा, ज्यांनी हा दिवस गल्लीभर सांगून ठेवला होता, ते घरी जाताना रस्त्यात म्हणाले, "ती माझी चाल न्हाई राहिली आता. पोरीची झाली. लई बरी झाली." आणि चष्मा पुसायला लागले. रस्त्यात दिवे चालू होते, पण आम्ही कुणीच त्यांच्याकडे पाहिलं नाही. तेव्हापासून केडगावात मला कुणी नावाने ओळखत नाही. भाजीवालासुद्धा विचारतो, "काय, भात्यावर आतू, आज काय देऊ?" (आणि शेपू देतो.)

पण हे सगळं नंतरचं. त्याआधी, लोक खिरीच्या दिशेने निघाले असताना, मला उठावं लागलं. बंटीदादाच्या हातातला माईक मागण्यासाठी बोलावं लागलं असतं, म्हणून मी तो सरळ ओढून घेतला. डोक्यात पहिल्यांदा एक इंग्रजी वाक्य आलं. प्रुफात सापडलं असतं तर मी ते खोडलं असतं. मग मराठी वाक्य शोधलं. तोवर लोक थांबले होते. रांगाच्या रांगा माझ्याकडे वळल्या होत्या, मम्मीचा डाव हवेत होता, आणि माझा श्वास सगळ्या स्पीकरमधून ऐकू येत होता.

मी म्हणाले, "शकीलभाईंचा माईक चांगला आहे. बंद मी पडले होते. खीर जरा थांबवा, आम्ही परत पहिल्यापासून वाजवतोय. आणि हे माझे दोन शब्द झाले, आता पुन्हा मागू नका!"