सरळ केलेली भिंत

आमच्या स्टुडिओत फोटो दुरुस्त करणारा जो माणूस आहे, त्याला सगळे ओळंबा म्हणतात. भिंत सरळ चढतेय की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. हे नाव माझ्या नवऱ्याने ठेवलं. स्टुडिओ त्याचा, आणि नावं ठेवायची हौसही त्याचीच. मी काउंटरवर बसते, पाकिटं भरते, गिऱ्हाइकांची बोलणी खाते. ओळंब्याची खुर्ची माझ्या पाठीशीच आहे, त्यामुळे तो काय करतो ते मला कळतं आणि मी काय बोलते ते त्याला ऐकावंच लागतं.

वाकडं म्हणून काही त्याला खपत नाही. सासुरवाडीला गेला तरी आधी भिंतीवरचं घड्याळ सरळ करतो, मग पाणी पितो. त्याची बायको एकदा मला म्हणाली, "माझा भांग जरा वाकडा पडला, तर हे जेवताना माझ्याशी बोलत नाहीत, भांगाशी बोलतात."

पण कामाला चोख. छोट्या खोलीचा फोटो काढायचा तर रुंद भिंग लावावं लागतं, म्हणजे सगळी खोली मावते. ते भिंग मोठं फसवं. कडेच्या रेषा बाहेर फुगतात. दार, खिडकी, कपाट, सगळ्यांना ढेरी सुटते. कोणत्या भिंगाने फोटो काढलाय ते सॉफ्टवेअरला सांगितलं की ते बराचसा फुगवटा आपणहून काढून टाकतं. त्यातूनही काही उरलं तर ओळंबा हाताने काढतो. पडद्यावर चौकटींची जाळी टाकतो आणि माऊसने रेषा ओढत ओढत जाळीला आणून लावतो. हॉटेलवाले आणि घरांचे दलाल त्याच्यावर खूश. "ओळंब्याने केलंय ना, मग बघायलाच नको," असं माझा नवरा सांगतो, तेव्हा ओळंबा ऐकलंच नाही असं दाखवतो. कान मात्र टवकारलेले असतात.

आमच्या मागच्या गल्लीत एक बाई राहते. टपाल कचेरीत पत्रं निवडायचं काम करते. वरच्या मजल्यावर भाड्याची एक खोली, तिथे ती आणि तिचे म्हातारे वडील. ती मोबाइलमध्ये खोलीचे फोटो घेऊन आली. "मोठे काढून द्या, अर्जाला जोडायचेत," म्हणाली. कसला अर्ज, ते मी विचारलं नाही. एरवी नको त्या चौकशा करते, नेमकी तेव्हाच तोंडाला कुलूप. फोटो ओळंब्याकडे गेले, संध्याकाळी पाकीट तयार झालं, फोटोंच्या पाठीवर आमच्या स्टुडिओचा शिक्का मी स्वतः मारला.

त्यानंतर ती आली ती ओळखपत्रासाठी फोटो काढायला. आल्या आल्या ओळंब्यापाशी गेली.

"दादा, तुमचे फार उपकार झाले," ती म्हणाली. "मला किती दिवस वाटत होतं, आमची भिंत फुगलीय, एक दिवस अंगावर येणार. घरमालकाशी कडाकडा भांडले. दुरुस्तीसाठी नगरपालिकेत अर्ज केला. तर साहेब म्हणाले, बाई, तुमच्याच फोटोत भिंत सरळ आहे की! मी मोबाइल दाखवला. म्हणाले, मोबाइलमध्ये सगळंच फुगलेलं दिसतं, हा स्टुडिओतला फोटो बरोबर आहे. घरी येऊन नीट बघितला. खरंच हो, सुतासारखी सरळ! माझाच डोळा वाकडा. वडिलांचा पलंग भीतीने खोलीच्या मधे ओढला होता, तो परत भिंतीला लावून टाकला. आता त्यांना उठताना टेकायला होतं."

ओळंबा म्हणाला, "हो. रुंद भिंगाने होतं तसं."

ती हसली, फोटो काढून गेली. मी मागे वळले. ओळंब्याचे कान लालभडक झाले होते आणि त्याने तिच्या खोलीचा हाताने ओढण्याआधीचा फोटो पडद्यावर उघडला होता.

"काय झालं रे?"

"वहिनी, सॉफ्टवेअरने त्याचं काम केलं होतं. हे बघा, दार सरळ, खिडकी सरळ. एवढी भिंतच फुगलेली राहिली. मग मी ती हाताने ओढली. ती ओढली तशी शेजारच्या कपाटाची कड आत गेली. म्हणून कपाट वेगळं धरून पुन्हा सरळ केलं."

"चांगलं कपाट वाकडं झालं, तरी तुझ्या डोक्यात उजेड पडला नाही?"

"मी खोली बघतच नव्हतो हो. नुसत्या रेषा बघत होतो."

माझं डोकंच फिरलं. "आणि आत्ता ती समोर उभी होती, तेव्हा? गप्प बसला असतास तरी एक वेळ चाललं असतं. वर तिलाच भिंगाची अक्कल शिकवलीस!"

"तिने उपकार म्हटलं," तो म्हणाला. "मग तोंडच उघडेना. उघडलं तर तेच बाहेर आलं."

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, शिक्का आपला आहे, जरा दमाने घ्या, उगाच बोभाटा नको. मी फोन ठेवून दिला. शिक्क्याची त्याला काळजी, आणि त्या भिंतीखाली झोपलेल्या म्हाताऱ्याचं काय? ओळंब्याने डबा उघडला नाही. थोड्या वेळाने उठला आणि म्हणाला, "वहिनी, माझ्याबरोबर येता? एकट्याने पाय उचलणार नाही." मी काउंटरला कुलूप लावलं.

खाली घरमालकाचं बिऱ्हाड, त्यांच्याच दारावरून वर जायचा जिना. खोलीत वडील पलंगावर झोपले होते. पलंग भिंतीला फक्त मधोमध टेकत होता, दोन्ही टोकांना फट. उशाकडच्या फटीत एक जुनी उशी कोंबलेली होती. फोटोची गरजच नव्हती, आंधळ्यालाही हाताने कळलं असतं.

"बसा ना दादा," बाई म्हणाली.

"आधी पलंग ओढू," ओळंबा जमिनीकडे बघत म्हणाला. "भिंत फुगलेलीच आहे. फोटोत मी सरळ केली."

तिला आधी समजेना. समजलं तशी ती स्टुलावर बसली. त्याच्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "मी घरमालकाची माफी मागितली हो. खाली जाऊन, त्यांच्या सुनेसमोर. ते म्हणाले, फुकट राहायचं नाटक होतं तुझं, आणि मी ऐकून घेतलं."

मला तर जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. ओळंब्याने पलंगाला हात घातला. आम्ही तिघांनी मिळून तो खोलीच्या मधे ओढला. त्या धक्क्यांनी वडील जागे झाले. ते कानाने अगदीच कमी.

"काय म्हणतोय हा?" त्यांनी विचारलं.

"भिंत वाकडी आहे, बाबा," ओळंबा हळूच म्हणाला.

"आँ?"

"भिंत वाकडी आहे!"

"फोटोत तर सरळ होती! ही म्हणाली मला!"

"मी सरळ केली! फोटोत मी सरळ केली!"

"मोठ्याने बोल की रे! घशात काय अडकलंय?"

शेजारची दारं उघडली. एक बाई पीठ लागलेल्या हातांनी उंबऱ्यात येऊन उभी राहिली, तिच्यामागे आणखी दोघं. ओळंब्याचा चेहरा बघवत नव्हता. मला वाटलं, आता हा जिना उतरून पळणार. तो पलंगाशी वाकला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "भिंत वाकडी आहे! तुमची मुलगी खरं बोलत होती! फोटो मी खोटा केला!"

जिन्यावर चपला वाजल्या. घरमालक वर आले, मागून त्यांची सून. "कसला गोंधळ चाललाय? काय खोटं केलं म्हणालात?"

ओळंबा त्यांच्याकडे वळला. घरमालक हातभर अंतरावर होते, कानाने ठणठणीत. तरी तो त्याच आवाजात ओरडला, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असा, आणि बोलताना भिंतीकडे नाही, पलंगाशी उभ्या असलेल्या त्या बाईकडे बोट दाखवत होता.

"माफी मी मागायला हवी होती! यांनी नाही!"